जास्तीचे साडेपाच हजार

पैसे कमी भरले असते तर मिस्तरीने एक वेळ सहन केलं असतं. कमी पडलेल्या पैशाला सतरा वाटा असतात. सुट्टे द्यायच्या गडबडीत एखादी नोट जास्त गेली, कुठली पावती खिशातच राहिली, दोन नोटा एकमेकींना चिकटल्या. पण संस्थेच्या लोखंडी पेटीत पैसे जास्त निघाले, आणि तेही थोडेथोडके नाहीत, साडेपाच हजार. वहीत शिल्लक तेवीस हजार अडीचशे, पेटीत अठ्ठावीस हजार साडेसातशे. त्याने तीनदा मोजले. तिसऱ्या वेळी बोटाला थुंकी लावून लावून त्याची जीभ कोरडी पडली.

वर्ष संपायला नऊ दिवस उरले होते. हिशेब तपासनीस शहरातून येणार, सह्या होणार, कागद नोंदणी कचेरीत जाणार, आणि मग पुढचं वर्ष सुरू. सहा वर्षं हे असंच बिनबोभाट चाललं होतं.

संस्था म्हणजे काय, तर एकोणीस लोखंडी खाटा, आठ चाकांच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेल्या कुबड्या आणि सात माणसांची समिती. त्या सातांतले चार जण सभेला चहापुरते यायचे. गावात कुणी अंथरुणाला खिळलं की डोक्याकडून वर उचलता येणारी खाट संस्थेकडून फुकट मिळायची. पाचशे अनामत ठेवायची. वस्तू परत आली की अनामत परत. मिस्तरीचं रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान. खाटांचे तुटलेले सांधे तो पैसे न घेता जोडून द्यायचा, म्हणून लोकांनी त्यालाच खजिनदार करून टाकलं. आधी सामान शाळेच्या खोलीत असायचं. गेल्या वर्षी शाळेला खोली हवी झाली आणि सगळं मिस्तरीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलं. दिवसभर तो दुकानात. त्यामुळे देणंघेणं बायकोच्या गळ्यात पडलं. सारं गाव तिला वहिनी म्हणायचं.

पहिल्याच दिवशी त्याने तिला वही समोर घेऊन बसवलं होतं. "दोन गोष्टी ध्यानात ठेव. वस्तू परत आली की सही आधी, पैसे नंतर. नाहीतर माणूस पैसे घेऊन चालू लागतो आणि आपण बसतो वही धरून. आणि दुसरं, या वहीत खाडाखोड नको. एक रेघ मारलेली दिसली तरी तपासनीस दहा प्रश्न विचारतो." तिने मान हलवली होती. नंतर शेजारणीला म्हणाली होती, लग्नात सुद्धा यांनी मला एवढं बजावून काही सांगितलं नव्हतं.

आता ती मागच्या ओट्यावर गादीच्या खोळी घासत होती. कोपरापर्यंत फेस.

"पेटीत तू काही टाकलंस का?" मिस्तरीने दारातून विचारलं.

तिने मान वर केली नाही. "का? कमी आहेत?"

"जास्त आहेत."

"मग बरंच झालं की," ती म्हणाली आणि खोळ पिळायला उठली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला एरवी तो असायचा. त्या दिवशी तिने ते टोक नळाला अडकवलं आणि एकटीनेच पिळलं.

मिस्तरीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

दुसऱ्या दिवशी संस्थेचा सचिव आला. त्याचं खतांचं दुकान होतं, गोदाम होतं, आणि शाळेतून सामान निघालं तेव्हा ते आपल्याच गोदामात यावं अशी त्याची फार इच्छा होती. संस्थेने शेडसाठी महिना काही थोडं भाडं ठरवलं होतं. ते मिस्तरीने नाकारलं, आणि तेव्हापासून या खतांच्या दुकानदाराला तो नाकासमोर चालणारा माणूस जास्तच खुपायला लागला. त्याने आकडे पाहिले, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली ओढला.

"मिस्तरी, कमी असते तर मी खिशातून घातले असते. हे जास्त कुठून आले?"

"शोधतोय."

"गावात कुजबुज आहे. तुम्हाला म्हणून सांगतो." दुकानदार आवाज खाली आणून म्हणाला, जणू शेडमधल्या खाटा ऐकत होत्या. "फुकटच्या खाटा कुणी भाड्याने देतंय म्हणतात. महिन्याचं काहीतरी ठरवून. आता भाडं वहीत कुठे लिहिणार? पेटीत ठेवलं असेल तात्पुरतं, आणि काढायचं राहून गेलं असेल."

"कोण म्हणतं?"

"लोक." त्याने वर पाहिलं. "पत्रे नवे दिसतात."

"जुनेच आहेत. रंग दिलाय."

"असं होय. छान रंग आहे."

तो गेला तरी ते एका शब्दाचं विष मिस्तरीच्या कानात राहिलं. भाडं. सहा वर्षं त्याने संस्थेच्या पैशातून एक खिळा घरी वापरला नव्हता. गावात त्याला दुसरी काही मिळकत नव्हती, शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. मिस्तरीच्या हातात पैसा ठेवा आणि झोपा, एवढं एक वाक्य त्याने कमावलं होतं. ते तपासनिसाच्या लाल पेनाने जाणार होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, दुकानदार गेल्यावर त्याला राग आला तो दुकानदाराचा नाही. त्याच्या मनात आलं, खरंच हिने घेतलं असेल तर?

त्या आठवड्यात वारा सुटला होता. दुकानात धूळ इतकी, की वेल्डिंगची काच पुसून पुसून बोटं दुखायची. मिस्तरी एका फाटकाची बिजागरी जोडत होता, पण डोकं घरी. मागच्या महिन्यात हिने चपला घेतल्या. कुठून? अंड्यांचे पैसे, म्हणाली होती. कोंबड्या पाच. पाच कोंबड्या किती अंडी देणार? तो मनातल्या मनात कोंबड्यांचा हिशेब मांडत बसला आणि बिजागरी उलटी जोडली गेली. तोडून पुन्हा जोडावी लागली. फाटकवाला म्हणाला, "काय मिस्तरी, चष्म्याचा नंबर बदलला का?"

दुपारी त्याने हातगाडी काढली. एका घरून खुर्ची परत आणायची होती, तेवढ्या निमित्ताने चार घरं फिरून यायचं त्याने ठरवलं. पहिल्या घरी सुतार होता, पाय मोडून तीन महिने खाटेवर होता, आता अंगणात रंधा मारत होता.

"काका, खाट नेली होती तेव्हा पाचशेच दिले होते ना? वर काही?"

सुताराने रंधा थांबवला. "वर काय?"

"नाही, महिन्याचं वगैरे."

"अरे, तू मला विचारतोस का सांगतोस?" म्हातारा तापला. "पाचशे दिले, बरा झालो, पाचशे मोजून घेतले. तुझ्या बायकोने वर पाणी पाजलं. आता त्या पाण्याचं बिल आणलंयस का?"

मिस्तरी कान पाडून निघाला.

दुसरं घर वीटभट्टीवरच्या मजुराचं. तो थंडीच्या सुरुवातीला गेला. छातीचा आजार होता, शेवटचे दोन महिने संस्थेच्या खाटेवर बसून श्वास घेतला. त्याची बायको चुलीपुढे होती, आणि दारात तिचा दीर विडी ओढत बसलेला. मिस्तरीने इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाला, "ताई, खाट परत केली तेव्हा अनामत मिळाली ना तुम्हाला?"

बाईचा चेहरा एकदम मिटला. तिने आधी दिराकडे पाहिलं.

"सही केलीय ना मी," ती म्हणाली.

"सही आहे. मी पैशांचं विचारतोय."

"सही आहे तर मग झालं." ती उठून आत गेली आणि भांड्यांचा आवाज करू लागली. दीर म्हणाला, "काय भानगड आहे?" मिस्तरी म्हणाला, "काही नाही, वर्षाचा हिशेब." तिसऱ्या घरी, जिथे म्हातारी गेली होती, तिथेही तेच. सही आहे ना? मग झालं. सुनेने उत्तर देताना नजर चुकवली. जी माणसं बरी झाली ती तडकून बोलतात आणि जिथे माणूस गेलंय तिथे तोंडाला कुलूप. मिस्तरीने त्यातून निघायचा तो अर्थ काढला. दुःखात असलेल्या माणसांकडून हिने पैसे घेतले. त्यांना गप्प बसायला सांगितलं. हातगाडीचं एक चाक वाटभर कुरकुरत होतं आणि त्याला ते थांबून बघावंसंही वाटलं नाही.

तो घरी आला तेव्हा ती विहिरीवर गेली होती. घरात कुणी नाही. तिची ट्रंक पलंगाखाली होती. लग्नात आणलेली, निळी, एका कोपऱ्याला पोचा आलेली. मिस्तरीने आयुष्यात कधी ती उघडली नव्हती. त्याने कडी वर केली. वर कपडे, खाली त्यांच्या मुलीची लहानपणची झबली, बायकोच्या आईचा एक फोटो, औषधाच्या चिठ्ठ्या. तळाशी कापडी पिशवी. त्यात तीनशे चाळीस, सगळे सुट्टे, अंड्याच्या पैशांसारखेच मळके. त्याने ते मोजले. एवढेच निघाले म्हणून त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बाकीचे दुसरीकडे ठेवले असतील, असं त्याच्या मनाने तिथल्या तिथे सांगून टाकलं. घाईने त्याने सगळं परत भरलं.

संध्याकाळी तिने ट्रंक उघडली. झबली वर आली होती आणि फोटो उलटा. तिने तो तसाच राहू दिला आणि कडी लावली. मग तिने त्याला ताट वाढलं.

"भूक आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

"मग जेवा." त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

सभा शाळेत भरली, सकाळी दहाला. मुलांच्या बुटक्या बाकांवर समितीची मोठी माणसं गुडघे वर करून बसली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त गुरुजी, टेबलामागे. शेजारी तपासनीस, पातळ मिशीचा, बोलण्यापेक्षा टिकमार्क करण्यात रमणारा. पेटी टेबलावर. त्याने मोजून कागदावर दोन आकडे लिहिले, एकाखाली एक, आणि मधल्या फरकाभोवती लाल गोल काढला.

"हे कुठून आले?"

दुकानदार खाकरला. "गुरुजी, बोलायला वाईट वाटतं. पण संस्थेच्या वस्तू भाड्याने जातात असं कानावर आहे. मला वाटतं सामान आता गोदामात हलवावं. आणि हे पैसे कुठले, ते आधी समजावं. नाहीतर नोंदणी जाईल आपली."

गुरुजींनी मिस्तरीकडे पाहिलं. "मिस्तरी, तुम्ही सांगा."

सहा वर्षांत पहिल्यांदा चार चहापुरत्या माणसांनीही कप खाली ठेवले. मिस्तरीला म्हणता आलं असतं, माझ्या घरातलं माणूस असं करणार नाही. एवढं एक वाक्य. तो म्हणाला, "मी दिवसा घरी नसतो, गुरुजी. देणंघेणं सगळं ती बघते. तिला विचारा."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्याला ते परत घ्यावंसं वाटलं. पण शाळेचा शिपाई तिला बोलवायला निघालासुद्धा होता.

ती आली ती ओल्या हातांनी. दारात उभी राहून तिने सगळ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे सोडून. गुरुजींनी बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"वहिनी, पेटीत साडेपाच हजार जास्त आहेत. कुणाकडून भाडं वगैरे घेतलं होतं का?"

"वही द्या," ती म्हणाली.

तिने वही टेबलावर उघडली आणि पहिल्या पानापासून बोट फिरवायला लागली. "ही खाट. सुतारकाका. बरे झाले, पैसे नेले. ही खुर्ची. शाळेच्या बाई, बऱ्या झाल्या, नेले. ही खाट." तिचं बोट थांबलं. "वीटभट्टीवरचा. त्याची बायको खाट घेऊन आली. मी म्हटलं, सही करा. सही केली. मी पाचशेची नोट काढून पुढे केली. तर ती हात मागे घेऊन उभी. म्हणाली, वहिनी, माणूस परत आणता आला नाही, पैसे काय परत नेऊ. दुसऱ्या कुणाच्या गादीला लावा. मी म्हटलं, घरात गरज असेल. म्हणाली, घरी सांगू नका, दीर भांडेल. आता सही तर झाली होती. वहीत लिहिलं होतं, अनामत परत. खोडायचं नाही असं मला बजावलेलं. मग मी नोट परत पेटीत ठेवली."

तपासनिसाने लाल गोलाशेजारी एक उभी रेघ ओढली.

ती पुढे गेली. जिवंत, नेले. जिवंत, नेले. गेली, नाही घेतले. दोन पानं उलटली. "हा दूधवाल्याचा भाऊ. नाही घेतले. ही म्हातारी, सून आली होती, पैशाकडे बघवेना तिला. नाही घेतले." दर वेळी तपासनीस कागदावर एक उभी रेघ मारत होता. त्यानेही आता टिकमार्क थांबवले होते.

"हे तुम्ही खजिनदारांना का नाही सांगितलं?" गुरुजींनी हळू विचारलं.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी वही काखेला मारून घरोघर परत द्यायला निघाले असते. नियम म्हणजे नियम. त्या बायकांना पुन्हा तेच सगळं बोलायला लावलं असतं." तिने पान उलटलं. "वाटलं, पेटीतच आहेत, कुठे जातात. वर्षाच्या शेवटी जास्त निघाले तर कुणाला आनंदच होईल. जास्तीचा सुद्धा कुणाला संशय येतो हे मला काय ठाऊक."

दुकानदार बाकावर बूड हलवत होता. तो सहज हार जाणारा नव्हता. "किती झाल्या रेघा?"

"दहा," तपासनीस म्हणाला. "पाच हजार."

"मग वरचे पाचशे?"

तिचं बोट वहीच्या शेवटून तिसऱ्या पानावर होतं. तिने वही तपासनिसाकडे वळवली. तपासनिसाने वाकून वाचलं. "खाट क्रमांक सात. परत. अनामत परत. सही..." त्याने मान वर करून मिस्तरीकडे पाहिलं. "ही तुमचीच सही आहे ना?"

मिस्तरी उठला. जवळ येऊन पाहायची गरज नव्हती, तरी आला. सात नंबरची खाट. आई तिच्यावर चार महिने होती. डोक्याकडचा भाग वर करायचा खटका त्यानेच दुरुस्त केला होता आणि म्हातारी दर वेळी म्हणायची, हळू रे, मला झोपाळ्यावर बसवतोस का. खजिनदाराच्या आईला सुद्धा अनामत चुकली नव्हती, त्याने स्वतः भरली होती आणि त्याचा त्याला अभिमान होता. ती गेल्यावर आठव्या दिवशी त्याने खाट धुतली, पुसली, वहीत सही केली, आणि बायकोला म्हणाला, पेटीतून पाचशे काढून घे आणि वेल्डिंगच्या कांड्यांचं पाकीट मागव, संपल्यात. पाकीट आलं. तो दुकानात गेला. पुन्हा कधी त्याने त्या पैशांचा विचार केला नव्हता.

"कांड्या कशाच्या पैशाने आणल्यास मग?" त्याने विचारलं.

तिने आता प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. "अंड्यांच्या. ट्रंकेत होते, त्यातले. उरलेले किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे."

त्या खोलीत ते दोघांनाच कळलं. मिस्तरीला वाटलं, दुकानदाराने सगळ्यांदेखत थोबाडीत दिली असती तर हलकं पडलं असतं.

तपासनिसाने मार्ग काढला. पैसे देणगी म्हणून जमा करायचे, अकरा पावत्या फाडायच्या, घरी पाठवायच्या नाहीत, फायलीत लावायच्या. गुरुजींनी मिस्तरीला पावतीपुस्तक दिलं. तो बुटक्या बाकावर बसून एकेक पावती लिहीत गेला. ज्यांच्या दारात जाऊन त्याने उलटतपासणी केली होती त्यांची नावं लिहिताना त्याची मान वर होईना. अकरावीला त्याने पेन थांबवलं आणि म्हणाला, "हिच्या नावाने लिहितो."

"आईंच्या नावाने लिहा," ती म्हणाली. मग कमरेची शेडची किल्ली काढून तिने टेबलावर ठेवली. "आणि ही कुणाला द्यायची ते ठरवा. गोदाम मोठं आहे यांचं." आणि ती निघून गेली.

दुकानदाराने किल्लीकडे पाहिलं, हात मात्र खिशातच ठेवला. गुरुजींनी ती उचलून मिस्तरीच्या हातात दिली. "ही परत तिच्याकडे गेली नाही तर संस्था बंद करू आपण," ते म्हणाले.

मिस्तरी घरी पोचला तेव्हा दारात एक परका माणूस उभा होता. मळलेला सदरा, सोबत बैलगाडी. बापाला अर्धांगाचा झटका आलाय, खाट हवी म्हणाला. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"किल्ली यांच्याकडे आहे," तिने सुपातून मान न काढता सांगितलं.

मिस्तरीने शेड उघडलं. सात नंबरचीच खाट पुढे होती. त्याने खटका दोनदा वरखाली करून पाहिला, खाट आणि गादी गाडीत चढवली, वहीत लिहिलं, पाचशेची नोट घेतली. नोट घेताना त्याला ती नको होती, पण नियम होता.

"परत केल्यावर मिळतात ना हे?" त्या माणसाने विचारलं. "उसने आणलेत."

सहा वर्षं हे उत्तर मिस्तरी झोपेतही देऊ शकला असता. वस्तू परत, अनामत परत. आता त्याची जीभ उचलेना.

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. ती ओट्यावरून उठून आली होती.

"मिळतात की," ती म्हणाली. "तुम्ही या हो न्यायला. वडिलांनाच घेऊन या चालवत. मी पाचशे मोजून हातात देईन. नाही म्हणालात तरी देईन."

तो माणूस हसला. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत दोघं पाहत उभी राहिली. मग मिस्तरीने किल्ली तळहातावर ठेवून हात पुढे केला. काही बोलावं असं त्याला फार वाटत होतं, पण जे बोलायचं ते सभेत बोलायला हवं होतं, आणि ती वेळ गेली होती.

तिने हाताला लागलेला तांदळाचा कोंडा पदराला पुसला. मग किल्ली उचलली, कमरेला खोचली आणि म्हणाली, "ट्रंकेतला फोटो सरळ करून ठेवा आधी. उलटा ठेवलाय तुम्ही आईला माझ्या."